कैवार कोणाचा? अमेरिकी बंदूकसंघटना आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

एखादी संस्था ज्यांच्या नावाने बोलते त्यांचेच हित सांभाळते की नाही, हे ठरवताना बहुधा तिचा जमाखर्च तपासला जातो आणि पैसा ज्याचा त्याची संस्था असा निष्कर्ष काढून वाद संपवला जातो. अमेरिकेतील नॅशनल रायफल असोसिएशन या संघटनेविषयीचा वाद गेली कित्येक दशके याच वळणाने चालत आला आहे. ती बंदूक बाळगणाऱ्या नागरिकांची संघटना आहे असे तिचे समर्थक म्हणतात, तर ती बंदुका बनवणाऱ्या कारखानदारांची हस्तक आहे असे विरोधक म्हणतात. परंतु दुसऱ्याच्या वतीने बोलणे म्हणजे काय आणि ज्याच्या वतीने बोलायचे त्याचे हित कोणी ठरवायचे, हा मुळात तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे आणि तो खतावणी उघडून सुटणारा नाही.

भारतीय वाचकाला यातील एक पार्श्वभूमी अपरिचित असण्याचा संभव आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीचा परवाना ही शासनाने दिलेली सवलत असते. अमेरिकेत मात्र १७९१ मध्ये स्वीकारलेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख केला आणि २००८ मध्ये, हेलर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. नॅशनल रायफल असोसिएशन या निर्णयाहून पुष्कळ जुनी आहे. यादवी युद्धात उत्तरेकडील सैनिकांची नेमबाजी किती कच्ची होती हे पाहून अस्वस्थ झालेल्या दोन माजी अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती स्थापन केली, आणि पहिली शंभर वर्षे तिचे काम मुख्यतः नेमबाजीचे शिक्षण, स्पर्धा आणि शिकार यांभोवती फिरत राहिले. मशीनगनवर कर बसवणारा १९३४ चा कायदा होत असताना तिच्या अध्यक्षांनी काँग्रेससमोर सरसकट शस्त्र घेऊन हिंडण्याला विरोध दर्शवला होता, आणि १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यातील काही तरतुदीही तिच्या तेव्हाच्या नेतृत्वाला मान्य होत्या. आजची आक्रमक संघटना १९७७ मध्ये जन्मली असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत हार्लन कार्टर यांच्या गटाने जुन्या नेतृत्वाला मतदानाने हटवले आणि नेमबाजांच्या या मंडळाला राजकीय फौजेचे रूप दिले. हे बंड कारखानदारांनी घडवून आणलेले नव्हते, ते सभासदांचे होते.

पैशाचा पुरावा तरीही दुर्लक्षिण्याजोगा नाही. संघटनेच्या मासिकांत उत्पादकांच्या जाहिराती असतात आणि त्याच उत्पादकांच्या नव्या बंदुकांची परीक्षणेही असतात. शिकारीचे व नेमबाजीचे सामान विकणारी एक मोठी कंपनी १९९२ पासून ग्राहकाचे बिल पूर्ण डॉलरात करून वरची रक्कम संघटनेला देण्याची योजना चालवते, आणि रूगर या उत्पादकाने २०११-१२ मध्ये विकलेल्या प्रत्येक बंदुकीमागे एक डॉलर देण्याचे जाहीर करून दहा लाखांहून अधिक डॉलर संघटनेच्या हवाली केले. २०१७ मध्ये अध्यक्षपदावर आलेले पीट ब्राउनेल हे बंदुकांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीचे प्रमुख होते. एवढे सारे मान्य केले तरी त्यातून सिद्ध होते ते इतकेच की कारखानदार आणि संघटना यांचे सख्य आहे. कोण कोणाचा चाकर आहे हे त्यावरून कळत नाही, कारण बंदूकमालक आणि कारखानदार यांचे हित जुळते तिथे पैसा कोणीही दिला तरी संघटनेचे वर्तन सारखेच राहील. कसोटी लागते ती दोघांच्या हितात फारकत पडते त्या ठिकाणी.

अशी ठिकाणे शोधण्यापूर्वी ‘मालकाचे हित’ ही कल्पना थोडी उकलून पाहणे भाग आहे. एडमंड बर्क यांनी १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांपुढे जो भेद मांडला तो येथे उपयोगी पडतो: प्रतिनिधी हा एकतर मुखत्यार असतो, म्हणजे ज्याने नेमले त्याची इच्छा तो जशीच्या तशी पोचवतो, किंवा तो विश्वस्त असतो, म्हणजे नेमणाऱ्याची इच्छा बाजूला ठेवूनही त्याचे भले पाहतो. हॅना पिट्किन यांनी १९६७ मधील आपल्या ग्रंथात दाखवले की यांपैकी कोणतेही एक टोक धरून चालत नाही, कारण इच्छा आणि हित यांत दीर्घकाळ विसंवाद राहिला तर त्याची कारणे सांगण्याची जबाबदारी प्रतिनिधीवर येते. कठोपनिषदातील श्रेयस आणि प्रेयस यांचा, म्हणजे कल्याणकारक आणि केवळ प्रिय यांचा भेद ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना ही अडचण नवी वाटणार नाही. फरक इतकाच की उपनिषदात निवड करणारा एकटा साधक असतो आणि येथे त्याच्यासाठी दुसराच कोणी निवड करत असतो.

फारकतीचे पहिले उदाहरण विरोधकांच्या आरोपाला छेद देणारे आहे. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन या जुन्या आणि बलाढ्य उत्पादकाने क्लिंटन प्रशासनाशी करार केला आणि पिस्तुलांना कुलूप बसवणे, विक्रेत्यांवर अधिक बंधने घालणे, मालकाखेरीज इतरांना चालवता येणार नाही अशा बंदुकीच्या तंत्रज्ञानावर खर्च करणे अशा अटी मान्य केल्या. शहरांनी आणि पीडितांनी भरपाईसाठी लावलेल्या दाव्यांतून सुटका व्हावी हा त्यामागचा हिशेब होता, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते. नॅशनल रायफल असोसिएशनने या कराराची शरणागती म्हणून निर्भर्त्सना केली, ग्राहकांनी बहिष्कार टाकला, विक्री कोसळली. आणि ब्रिटिश मालकांनी १९८७ मध्ये सुमारे ११ कोटी २० लाख डॉलरना घेतलेली ही कंपनी २००१ मध्ये १ कोटी ५० लाख डॉलरना, कर्जाच्या ओझ्यासह, विकली गेली. ज्या संघटनेच्या रोषापुढे उद्योगातले एवढे मोठे घराणे डळमळले तिला त्या उद्योगाची हस्तक म्हणणे कठीण आहे. येथे धाक संघटनेचा होता, आणि इतर उत्पादकांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला.

पण दुसऱ्या बाजूला पाहिले तर चित्र पालटते. बंदूक विकत घेणारा हा आधी ग्राहक असतो, आणि सदोष वस्तूपासून संरक्षण मिळणे हे ग्राहकाचे अगदी प्राथमिक हित आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये स्थापन झालेला ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग खेळण्यांपासून पाळण्यांपर्यंतच्या वस्तू बाजारातून परत मागवायला लावू शकतो. बंदुका मात्र प्रथमपासूनच त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. पुढे एका गटाने पिस्तुलांच्या काडतुसांवर बंदी घालावी असा अर्ज आयोगाकडे केला तेव्हा काँग्रेसने १९७६ मध्ये दुरुस्ती करून हा दरवाजा पक्का बंद केला. सुरक्षेच्या नावाखाली बंदी येईल ही संघटनेची भीती त्या वेळी अगदीच निराधार नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की ज्या देशात बाहुलीचा डोळा सैल असेल तर सरकार ती परत मागवू शकते तिथे सदोष बंदूक परत मागवण्याचा अधिकार कोणत्याही संघीय यंत्रणेकडे उरला नाही. रेमिंग्टन ७०० या लोकप्रिय रायफलीतून खटका न ओढता गोळी सुटते अशा तक्रारी आणि दावे अनेक वर्षे चालले. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण अखेर सामूहिक दाव्यातील तडजोडीत लाखो रायफलींचे खटके विनामूल्य बदलून देण्याचे कबूल केले. या तक्रारदारांत शिकारी होते, बाप-लेक होते, म्हणजे संघटना ज्यांचे नाव घेते तेच लोक होते, आणि त्यांना वाट काढावी लागली ती वकिलांच्या मदतीने.

२००५ च्या कायदेशीर शस्त्रव्यापार संरक्षण कायद्याविषयी अधिक बारकाईने बोलावे लागेल. बंदुकीचा गुन्हेगारी वापर झाला तर उत्पादक व विक्रेते यांच्यावर भरपाईचे बहुतेक दावे लावता येणार नाहीत, असे हा कायदा सांगतो. त्यात अपवाद आहेत, आणि त्यांतील विपणनविषयक अपवादाच्या आधारेच सँडी हूक शाळेतील गोळीबाराच्या बळींच्या कुटुंबांना २०२२ मध्ये रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांकडून ७ कोटी ३० लाख डॉलर मिळाले. संघटनेचा युक्तिवाद असा की दाव्यांच्या माऱ्याने कारखाने बुडाले तर घटनेतील हक्क कागदावरच राहील, म्हणून उत्पादकाचे रक्षण हे मालकाचेच रक्षण होय. या युक्तिवादात तथ्य आहे: ज्या हक्काचा वापर करायला बाजारातील वस्तू लागते तो हक्क त्या वस्तूच्या पुरवठ्यावर अवलंबून असतो. वृत्तपत्रस्वातंत्र्यालाही कागद लागतोच. पण म्हणून वाचकांच्या संघटनेने कागद गिरणीच्या प्रदूषणाच्या दाव्यात गिरणीची बाजू घेतली तर तिच्या वाचकनिष्ठेविषयी शंका घेतली जाईल. हक्कासाठी उद्योग टिकला पाहिजे यातून उद्योगाला उत्तरदायित्वच नको असे निघत नाही. या दोन विधानांमधली जी दरी आहे ती संघटनेने युक्तिवादाने नव्हे, निष्ठेच्या आवाहनाने भरून काढली.

मालक हा ग्राहक असतो तसाच तो मर्त्य माणूसही असतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि त्या बहुधा घरात असलेल्या बंदुकीनेच होतात. तेव्हा मालकाच्या कुटुंबाला असलेला सर्वांत मोठा धोका घराबाहेरचा चोर नसून घरातली निराशा आहे. या प्रश्नावर पुढाकार घेतला तो न्यू हॅम्पशायरमधील काही दुकानदारांनी सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांसह, आणि पुढे २०१६ पासून नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशनने, जी उघडपणे उत्पादक-विक्रेत्यांची व्यापारी संस्था आहे. ज्यांनी मालकांचा कैवार घेतल्याचा दावा कधी केला नाही त्यांनी या एका बाबतीत मालकांच्या अधिक जवळचे काम करावे, यातला विरोधाभास कोणाच्याही नजरेतून सुटू नये. २०१६ मध्येच मिनेसोटात एका कृष्णवर्णीय परवानाधारकाने आपल्याजवळ बंदूक असल्याचे पोलिसाला स्वतःहून सांगितले आणि तो पोलिसाच्या गोळीने मारला गेला. या घटनेवर संघटनेचा आवाज इतका क्षीण होता की तिच्याच सभासदांपैकी काहींनी त्याविषयी नाराजी व्यक्त केली. मालकाच्या हक्कावर याहून थेट आघात कल्पिणे कठीण. पण त्यात विकण्यासारखे काही नव्हते, आणि संघटनेने रंगवलेल्या मालकाच्या चित्रात तो माणूस बसत नव्हता.

येथे या प्रश्नाचे खरे उत्तर दिसू लागते. संघटना ज्याची सेवा करते तो मालक मोजणीत सापडणारा नाही. तो तिनेच घडवलेला आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०१७ च्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश बंदूकमालक खासगी विक्रीतही खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासावी या मताचे होते. संघटना त्याला विरोध करत आली. मुखत्यार म्हणून ती येथे अपयशी ठरते, आणि विश्वस्त म्हणून वागायचे तर त्या मालकांचे भले याच्या उलट कसे, हे तिला सांगावे लागेल. तिचे उत्तर धार्मिक स्वरूपाचे आहे: हा हक्क राज्याने दिलेला नसून ईश्वरदत्त आहे, म्हणून त्यात बहुमताला, खुद्द मालकांच्या बहुमतालाही, जागा नाही. मे २००० मध्ये संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष चार्लटन हेस्टन यांनी व्यासपीठावर जुनी बंदूक उंचावून जे आव्हान दिले त्याचे सामर्थ्य युक्तिवादात नव्हते, विधीत होते. हक्क एकदा श्रद्धेचा विषय झाला की तडजोड हा धर्मद्रोह ठरतो आणि श्रद्धेची खूण म्हणून आणखी एक बंदूक घेणे हे पुण्यकर्म ठरते. उद्योगाला लाभ होतो तो याच ठिकाणी, कोणी आज्ञा न देता. स्मिथ अँड वेसनला शिक्षा करणारी आणि उत्पादकांना दाव्यांपासून वाचवणारी संघटना एकच आहे, कारण दोन्ही वेळा ती मालकातल्या ग्राहकाचे, पित्याचे किंवा नागरिकाचे नव्हे, तर त्याच्यातल्या भक्ताचे प्रतिनिधित्व करत होती.

यात तिसरा हितसंबंधही दडलेला आहे. रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार मोठी संघटना कालांतराने मूठभर पदाधिकाऱ्यांच्या हाती जाते आणि स्वतःचे अस्तित्व हेच तिचे ध्येय बनते. येथे संचालक निवडण्याचा अधिकार आजीव किंवा सलग पाच वर्षांच्या सभासदांनाच असतो, आणि १९९१ पासून कारभार पाहणारे वेन लापिएर यांनी तीन दशके सत्ता राखली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने संघटनेच्या पैशाच्या गैरवापराबद्दल त्यांना जबाबदार धरले आणि ४३ लाखांहून अधिक डॉलर परत करण्यास सांगितले. हा पैसा प्रामुख्याने वर्गणीदारांचा आणि देणगीदारांचा होता.

संघटना खिळखिळी होत असतानाच्या काळात, २०२० मध्ये, बंदुकांची विक्री उच्चांकाला पोचली आणि वॉशिंग्टनमधील मतपरिवर्तनाच्या खटपटींवर उत्पादक-विक्रेत्यांच्या व्यापारी संस्थेचा खर्च या संघटनेच्या पुढे गेला; म्हणजे उद्योगाला तिच्यावाचून अडले नाही. तिच्या जागी आले ते अधिक कडवे गट, ज्यांना ती पूर्वीपासून तडजोडवादी वाटत होती. मवाळ मालकांची म्हणून २००५ मध्ये एक संघटना निघाली होती, पण ती शत्रूची छुपी आघाडी असल्याचा शिक्का तिच्यावर बसला आणि पाच-सहा वर्षांत ती मिटली. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवले होते की सर्वांच्या सामाईक लाभासाठी वर्गणी देणारे थोडे असतात, त्यांना बांधून ठेवायला केवळ सभासदालाच मिळणारे काही द्यावे लागते: मासिक, विमा, सवलत. बंदुकांच्या बाबतीत या भेटवस्तूंचा काही खर्च जाहिरातदार उचलतात, आणि पार्श्वभूमी तपासणीला हरकत नसलेल्या मालकासाठी तो उचलायला कोणताही जाहिरातदार अद्याप पुढे आलेला नाही.