शेवट गोड कुणाचा?

मिनॅन्डर हा सुमारे 2300 वर्षांपूर्वीचा अथेन्सचा नाटककार. त्याच्या 'एपित्रेपोन्तेस' या विनोदी नाटकाची गोष्ट अशी. जत्रेच्या रात्री पॅम्फिलीवर एक झिंगलेला तरुण बलात्कार करतो. तिच्या हाती त्याची अंगठी राहते. पुढे तिचं लग्न होतं, पाचव्या महिन्यात मूल होतं आणि ती ते गुपचूप टाकून देते. कळल्यावर नवरा घर सोडतो. शेवटी अंगठीवरून उलगडतं, तो तरुण म्हणजे हा नवराच! मूल औरस ठरतं, संसार वाचतो, आनंदीआनंद.

'त्या काळी हे वाईट समजत नसत' हे उत्तर मला पटत नाही. कारण याच नाटकात हाब्रोतोनोन नावाची वाद्य वाजवणारी बाई त्या रात्रीचं सांगते: मुलगी एकटी रडत, केस उपटत आली, तिचं उंची वस्त्र फाटलं होतं. म्हणजे नाटककाराला सगळं ठाऊक आहे. तरी नवऱ्याला पश्चात्ताप होतो तो बायकोला दोष देताना आपलंही बाहेर मूल असल्याचा. जत्रेतल्या त्या मुलीचं काय झालं असेल, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

आमच्या कर्जतकडे यात्रेत तमाशा असतो. गवळणीत कृष्ण आणि पेंद्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतात. मावशी त्यांना फाडफाड उत्तरं देते, लोक हसतात, मीही हसतो. वाट अडवणं आणि बलात्कार एक नव्हे. शिवाय इथे बाईला उलट बोलता येतं, निम्मे हशे तीच घेते.

पण याच तालुक्यातल्या कोपर्डीत 13 जुलै 2016 ला एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. गवळणीमुळे असं घडतं, असं म्हणणं खोटं ठरेल. मात्र रस्त्यावर एकट्या मुलीसोबत मावशी नसते, हे हसतानाही विसरता येत नाही.

मला जास्त भीती वाटते ती गोड शेवटाची. मार्च 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या एका बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्या वकिलाला विचारलं, तिच्याशी लग्न करणार का? टीका झाल्यावर न्यायालयाने खुलासा केला की हा लग्नाचा सल्ला नव्हता, शब्दांचा विपर्यास झाला. तो खुलासा मान्य करू. पण 'लग्न लावून द्या, प्रकरण मिटवा' ही भाषा आपल्या गावांना काही नवी नाही. त्यात अब्रू वाचते, दोन्ही घरं सुटतात. मुलीला मात्र आयुष्यभर त्याच माणसाला चहा करून द्यायचा असतो.

म्हणून जुनी नाटकं बंद करा, असं मी म्हणणार नाही. ती वाचावीत, हसू आलं तर हसावं. फक्त पडदा पडताना मंचावर कोण खूश आहे ते मोजावं, आणि ज्या बाईवर गोष्ट उभी आहे तिला कुणी काही विचारलं का, तेही बघावं.