टाकणे आणि देणे

गेल्या कार्तिकात आमच्या गावच्या सप्ताहात एका बुवांनी कीर्तनात सांगितले, ‘मंडळी, तारा मरताना आपलं सारं द्रव्य दान करतो, माणसाला मात्र चार एकर सुटत नाहीत!’ सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र मन ऐकेना. न जाणता टाकलेल्याला दान म्हणावे काय?

आधी झाले काय ते पाहू. मृगातला तांबूस काक्षी तारा काकड्याला जाणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. तो म्हातारा, फुगलेला तारा. २०१९ च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत नेहमीच्या सुमारे एक तृतीयांश तेजावर आला. आता हा फुटतो की काय, असे पुष्कळांना वाटले. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिले तर त्याची दक्षिणेकडची बाजू काळवंडलेली! त्याने वायूचा मोठा लोट बाहेर फेकला होता. तो निवला, त्याची धूळ झाली, आणि त्या धुळीने फेकणाऱ्याचेच तोंड झाकले. पुढे काही महिन्यांत तो उजळला.

याहून लहान म्हाताऱ्या ताऱ्यांचे काम सावकाशीचे. ते फुगतात, आक्रसतात. वरचा वायू दूर जाऊन थंडावतो आणि त्यात कण धरतात, कुठे वाळूच्या जातीचे, कुठे काजळीचे. ताऱ्याचा उजेड कणांना ढकलतो, कण वायूला ओढून नेतात. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे अशनी पडली. तीत असे कण सापडले, आपला सूर्य जन्मण्याच्याही आधीचे. तुमच्या-आमच्या देहातल्या कार्बनचा काही भाग अशाच टाकण्यातून आला आहे.

आता, ताऱ्याला धरून ठेवण्याची सोयच नाही. ज्याला धरता येत नाही त्याचे सोडणे कसले? म्हणून बुवांचे म्हणणे मला पटत नाही.

पण इथे माझे वडील आठवतात. आबा शेवटची तीन वर्षे अंथरुणाला होते. कपाटाची किल्ली मुठीत. हातातले बळ गेले तेव्हा ती गळून पडली, तोवर नाही. लोक म्हणाले, ‘आबांनी सगळं सोडलं.’ मला ठाऊक होते, सोडले नव्हते, सुटले होते. तरी त्याच जमिनीवर माझी मुले शिकली. देणाऱ्याच्या मनात नव्हते म्हणून घेणाऱ्याचे ऋण फिटले काय? मला तसे म्हणवत नाही. स्तुती करायची तर देणाऱ्याचे मन पाहावे. ऋण मात्र अन्नाचे असते, ते पोटात गेले की लागू झाले. बुवांनी दोन्हींची एकच मोट बांधली, एवढेच.

हे सारे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितले. मंडळी चुलीपुढून म्हणाल्या, ‘ते खरं हो, पण तुम्ही तरी किल्ली थोरल्याला कुठं दिलीय अजून?’

ती माझ्या करदोड्याला असते. पहाटे काकड्याला निघताना वाजू नये म्हणून मी ती मुठीत धरतो.