क्षमेचा अखत्यार

केळापूर तालुक्याचे मुख्यालय असलेल्या पांढरकवड्याच्या काळ्या, कापूसपिकाऊ मुलखात, मृगाच्या तोंडावर मोबाईलवरून घरपोच मागवलेले नामांकित छापाचे बियाणे बोगस निघाल्यावर ‘देव पाहून घेईल’ असे म्हणून जो शेतकरी गप्प बसतो, त्याची ती क्षमा समजावी की निव्वळ हताशा, हा प्रश्न मला धर्मविचाराचाच वाटतो. महाभारताच्या शांतिपर्वात तपाच्या अभिमानाने फुगलेल्या जाजलीला धर्म शिकवतो तो तुलाधार नावाचा वाराणसीचा वाणी, आणि तेही तराजू सर्वांसाठी सारखा धरण्याच्या बळावर. परंतु त्याचे गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभे असे, आणि हा विक्रेता मात्र नाव पालटून अंतर्धान पावतो. क्षमा करावी ती आपल्या हानीपुरती. शेजाऱ्याच्या उद्याच्या पेरणीची क्षमा परस्पर करण्याचा अखत्यार आपणांस कोणी दिला? तेव्हा पावती, पिशवी आणि मूठभर बियाणे जपून ठेवून फिर्याद गुदरणे हे मी धर्मकृत्यच मानतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण १ महिन्यात करण्याचे बंधन घातले आहे (वापसा तितका थांबत नाही, ही गोष्ट निराळी). मनातला क्रोध शमला की नाही, याचा हिशेब फिर्याद दिल्यावरही करता येतो.