मुलीचा हात धरून

शास्त्रपाठ : मार्क ५:३५-४३



आजाऱ्यांच्या भेटीसाठी एका इस्पितळात गेलो असता चार वर्षांची एक मुलगी पाहिली. तिचे रक्त तपासायचे होते. आईने सांगितले होते, "काही नाही गं, डॉक्टरकाका नुसते बघणार आहेत." सुई टोचली तेव्हा ती किंचाळली, पण तिने पाहिले ते सुईकडे नव्हे, आईकडे. दुसऱ्या दिवशी आई जवळ आली तरी ती अंग चोरू लागली. सुईचे दुखणे लवकर थांबते. फसवले गेल्याचे थांबत नाही.

घरीही आपण म्हणतो, "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील." उपचाराला आपणच शिक्षा करून ठेवतो, आणि मग लेकरू भिते म्हणून रागावतो.

याईराच्या घरी प्रभूने काय केले? गलबला करणाऱ्यांना बाहेर घालवले. आईबापांना मात्र सोबत आत नेले. मुलीचा हात धरला. ती उठल्यावर तिला खायला द्या, हे सांगायलाही तो विसरला नाही.

आपणही तसेच करावे. आधी खरे सांगावे : "टोचेल, थोडे दुखेल, पण मी जवळ आहे." लेकराला आडवे दाबून न धरता मांडीवर बसवून कवेत घ्यावे. तान्ह्या बाळाला लस टोचताना अंगावर पाजत राहावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली लसीकरणाच्या वेदनेविषयी हाच सल्ला दिला. थोड्या मोठ्या मुलाला साबणाचे फुगे फुंकायला द्यावेत, गोष्ट सांगावी. बधिर करणाऱ्या मलमाविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. ते साधारण तासभर अगोदर लावावे लागते. रडू आले तर रडू द्यावे. लाजराच्या कबरेपाशी प्रभूही रडला. आणि डॉक्टरांची मनाई नसेल तर नंतर काही खायला द्यावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, "प्रार्थना केली की दुखणार नाही," असे मुलांना शिकवू नका. दुखले म्हणजे मूल समजेल, एकतर माझा विश्वास खोटा, नाहीतर येशू खोटा. दुःख येणारच नाही असे वचन प्रभूने दिलेले नाही. सोबत राहण्याचे दिले आहे. तेच मुलांना सांगा.

न दिसणाऱ्या पित्याच्या हाताची पहिली ओळख लेकराला आपल्याच हातातून होते. तो हात खरा असावा, आणि वेळेला जवळ असावा, अशी कृपा प्रभू आपणा सर्वांवर करो. आमेन.