कळस नसलेलं देऊळ

(स्थळ : अंबरनाथचं शिवमंदिर, श्रावणातला सोमवार. मामा डोंबिवलीच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक. भाची ठाण्याची, जुन्या वास्तूंचं जतन शिकते आहे.)

भाची : मामा, खरं सांगू? माझ्या हातात असतं तर गाभाऱ्यातला अभिषेक मी उद्यापासून बंद केला असता.

मामा : आणि या रांगेला काय सांगितलं असतंस?

भाची : हेच, की हे १०६० सालचं काम आहे. उत्तरेच्या दारावर शके ९८२ चा शिलालेख आहे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. हा गजथर बघ. सोंड कुठली आणि पाय कुठला, हाताने चाचपलं तरी कळत नाही. साडेनऊशे पावसाळ्यांनी झिजवलं ते झिजवलं. पण तूप-तेल दगडावर बसतं, त्यावर धूळ आणि काजळी धरते. ते तरी थांबवता येईल ना?

मामा : येईल की. पण रोमचं पँथिऑन आठव. सम्राट हेड्रियनच्या काळातलं, सन १२५ च्या आसपास पुरं झालेलं. त्रेचाळीस मीटरचा काँक्रीटचा घुमट, आत लोखंडाची एक कांब नाही आणि मधोमध आभाळाला उघडं भोक. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर फोरम आहे. तिथल्या काही देवळांचे तीन खांब उरलेत, काहींचे आठ. मग पँथिऑनच कसं टिकलं?

भाची : ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं म्हणून.

मामा : म्हणजे तिथे रोज कुणी तरी दिवा लावत होतं म्हणून. ज्याला वाली नव्हता त्याचा दगड लोकांनी नेला. कोलोसियम तर कित्येक शतकं खाणीसारखं वापरलं.

भाची : आणि वाली होता तिथे काय झालं? पँथिऑनच्या पुढच्या मंडपाचं ब्राँझ सतराव्या शतकात काढून नेलं ते आठव्या अर्बन पोपनेच. धाड पडली नव्हती, घरच्याच माणसाचं काम.

मामा : तरी घुमट उभा आहे. उलट आपलं कल्याण बघ. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रंथात, म्हणजे पहिल्या शतकात, या बंदराचं नाव येतं. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे लोक आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ख्रिस्ती प्रवासी लिहितो की ‘कल्लियाना’त बिशप आहे आणि तो इराणातून नेमून येतो. ते गाव म्हणजे आपलं कल्याणच, असं बरेच अभ्यासक मानतात. आज स्टेशनबाहेर उतरून विचार, त्या बिशपचं चर्च कुठे होतं म्हणून. कोण सांगेल? प्रार्थना करणारी माणसंच उरली नाहीत, तर भिंती कुणी सांभाळायच्या?

भाची : मग ठाण्याचं कोपिनेश्वर घे. तिथे भक्तीला काय कमी आहे? १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी ते बांधलं, पुढे लोकांनी वर्गणी काढून वाढवलं. पण शिलाहारांचं देऊळ बघायला मी तिथे, मासुंदा तलावाच्या काठी, जात नाही, इथे अंबरनाथला येते. रोममध्ये तर याहून पुढची गोष्ट. कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात उभारलेलं जुनं सेंट पीटर्स कुठल्या शत्रूने पाडलं नाही. १५०६ मध्ये पोपनेच नव्याची पायाभरणी केली आणि बाराशे वर्षांचं जुनं टप्प्याटप्प्याने उतरवलं. भक्ती देव राखते, मामा. देऊळ राखेलच असं नाही.

मामा : हे मात्र खरं.

भाची : मग आता वर बघ. भूमिज शिखर आहे. चार बाजूंनी चार पट्टे वर निघालेत, मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी. मंडपाच्या घुमटाच्या जरा वर जाऊन काम एकदम थांबतं. उद्या एखादा भाविक पैसे घेऊन आला, चांगले पाथरवट आणले आणि म्हणाला, ‘कळसाशिवाय देऊळ कसलं, पुरं करू या’. तर कुठल्या तोंडाने नाही म्हणशील?

मामा : याच तोंडाने म्हणेन. वर्गातल्या मुलाच्या अपुऱ्या चित्रावर मी कधी ब्रश चालवला नाही. चालवला की ते चित्र माझं झालं.

भाची : मग तोच नियम अभिषेकाला लाव.

मामा : तो लागत नाही. वीसेक पायऱ्या उतरून आपण पिंडीपाशी जातो ते कशासाठी? पिंडीवर पाणी पडावं म्हणूनच हा गाभारा घडवला. शिखर चढवणं ही जशी ढवळाढवळ, तशीच पूजा काढून घेणं हीसुद्धा. १८६८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या टेरीसाहेबांनी विद्यार्थ्यांकडून इथली रेखाटनं करवली, कोरीवकामाचे साचे घेतले. आकाराचा साचा काढता येतो गं, वहिवाटीचा नाही काढता येत.

भाची : पण घडवणाऱ्याच्या हिशेबात पिशव्यांतलं दूध नव्हतं, रासायनिक गुलाल नव्हता, महाशिवरात्रीची आजची गर्दीही नव्हती. वहिवाट म्हणून तू जी वाचवतोयस, ती तरी जुनी कुठे राहिली?

मामा : मग तिथे हद्द घाल. पाणी आणि बेल राहू दे, बाकीचं बाहेर एका पात्रात जमा होऊ दे. मला चालेल.

भाची : तुला चालेल, रांगेला चालेल का? शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करू नये, एवढं कायदा सांगतो. तुपाच्या वाटीचं कोण सांगणार? पुरातत्त्व खातं की पुजारी?

मामा : एकट्या खात्याने सांगितलं तर लोक चिडतील. एकट्या पुजाऱ्यावर सोडलं तर दगड जाईल. दोघांनी मिळून ठरवावं आणि ते पुजाऱ्याच्या तोंडून सांगावं. त्याचं लोक ऐकतात.

भाची : आणि नाही ऐकलं तर?

मामा : तर तुझं खरं. मग गाभाऱ्याला कुलूप घाल, मी आड येणार नाही.

दोघांचा वाद मिटला नाही, पण हद्द कुठे घालायची ते ठरलं. घडवणाऱ्याने जे योजलं ते चालू ठेवावं, जे योजलं नव्हतं ते त्याच्या नावावर वाढवू नये. महाशिवरात्रीला अंबरनाथला जाल तेव्हा तांब्याभर पाणी आणि बेलाचं पान न्या. बाहेरच्या मूर्ती डोळे भरून पाहा. त्यांना हळदकुंकू लावू नका.