ऐंशी गिल्डर आणि एक मेंढरू

माझा एक मित्र पुण्यात संग्रहालयांसाठी डिजिटल दालनं बनवतो. टच-स्क्रीन, प्रोजेक्शन, हेडसेट असं सगळं. मागच्या दिवाळीत तो नगरला आला तेव्हा लॅपटॉपवर एक आराखडा घेऊन आला होता: मलिक अंबरचं दालन. ते त्याच्याकडे कुणी मागितलेलं नाही, त्यासाठी पैसेही कुणी देत नाही; पण त्याला ते करायचंच आहे. "तू नगरचा, बघून सांग," म्हणाला.

सुरुवात अशी होती. तुम्ही हेडसेट घालता. काळोख, लाकडाची करकर, पाण्याचा आवाज. तुमच्या हातांत साखळ्या आहेत. तुम्ही एक हबशी पोरगा आहात. बाजारात कुणीतरी तुमचं तोंड उघडून दात तपासतो, बोली लागते. एकूण चार मिनिटं. मग हेडसेट काढून पुढच्या खोलीत जायचं. तिथे तुम्ही निजामशाहीचे पेशवे असता.

मी "भारी आहे" म्हटलं. आणि नंतर कितीतरी दिवस काहीतरी खटकत राहिलं.

गोष्ट तर खरीच भारी आहे. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून विकला जातो. पुढे १६१७ साली त्याला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रूके या डच व्यापाऱ्याने मोखा बंदरातल्या विक्रीची किंमत नोंदवली आहे: ८० गिल्डर. मोखाहून बगदाद, बगदादहून दख्खन. इथे त्याला विकत घेणारा चंगीजखान हा निजामशाहीचा पेशवा होता आणि तो स्वतःही पूर्वी गुलामच होता. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर बुडती निजामशाही त्याने पुढची पंचवीस वर्षं तगवून धरली. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. १६२४ साली नगरजवळ भातवडीला तलाव फोडून शत्रूची छावणी चिखलात बुडवली आणि मोगल-आदिलशाही फौजांना हरवलं. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी याच लढाईत पडले.

इतकी गोष्ट असूनही शाळेच्या सहलीत नगरचं वस्तुसंग्रहालय पाहिलेल्या मला आज काय आठवतं? एक लांबच लांब जन्मपत्रिका. काचेमागचा कागद बाराव्या वर्षी कुणाला बोलत नाही. त्यामुळे मित्राचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. ज्याला हात लावता येत नाही, त्यापुढून आपण सेल्फी काढून पुढे सरकतो.

मग खटकत काय होतं? पहिली गोष्ट म्हणजे ती चार मिनिटं. साखळी, काळोख, बोली हे सगळं तंत्राने उभं करता येतं; पण गुलामीचा गाभा असा की ती कधी संपणार हे गुलामाच्या हातात नसतं. हेडसेट काढायची मुभा दिली की नेमकं तेच निसटतं. अमेरिकेत इंडियानामधल्या कॉनर प्रेअरी या संग्रहालयात १९९८ पासून बरीच वर्षं 'फॉलो द नॉर्थ स्टार' नावाचा खेळ चालायचा. प्रेक्षकांनी रात्री पळून जाणारे गुलाम व्हायचं, कर्मचारी त्यांच्यावर खेकसायचे. त्यावर पुष्कळ टीका झाली. कुणाच्या पणजीने जे भोगलं, त्याची तिकीट काढून तालीम करावी का, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. हेडसेटमध्ये आपण कायम ज्याला विकलं जातं तोच असतो. बाहेर येणारा प्रत्येकजण "बापरे, काय क्रूर लोक होते" म्हणत येतो. चार मिनिटांत आपण सगळे निर्दोष. पण मग त्या बाजारात गिऱ्हाईक कोण होतं? स्वतः अंबरने पुढे हबशी गुलाम विकत घेऊन फौज उभी केली. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत होती आणि तिच्या नोंदी मराठी दफ्तरांत आहेत. मोडी लिपीत, आपल्याच भाषेत. त्या कुणीतरी बसून, बोरू टोकदार करून, व्यवस्थित लिहिल्या.

आणि तिसरी गोष्ट: दालनाच्या शेवटी मित्राने एक उजळ भिंत ठेवली होती, 'गुलामगिरीचा अंत, १८४३'. ७ एप्रिल १८४३ चा कंपनी सरकारचा पाचवा कायदा. नगर जिल्हा तेव्हा कंपनीच्याच ताब्यात होता. पण या कायद्याने कुणाच्या बेड्या तोडल्या नाहीत. माणसावरची मालकी कोर्ट यापुढे मानणार नाही, एवढंच त्याने सांगितलं. गुलाम म्हणून माणूस विकत घेणं हा गुन्हा ठरला भारतीय दंड संहितेने, ती लागू झाली १८६२ साली. तोवर मालकीची जागा कर्जाने घ्यायला सुरुवात केली होती. वेठबिगारी बंद करणारा आणि ते कर्जच रद्द ठरवणारा कायदा यायला १९७६ उजाडलं.

आणि २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची मुलं आपल्या नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं. मोबदला काय, तर काही हजार रुपये आणि एखादं मेंढरू. उघड कधी झालं? त्यातली दहा वर्षांची एक मुलगी मेल्यावर. भातवडीच्या लढाईची चारशे वर्षं भरायला तेव्हा दोनच वर्षं उरली होती.

हे वाचून मलाही मेंढपाळांचाच राग आला होता. मग आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांची वही सापडली. आमच्याकडे सालगडी असायचा. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला संपायचं. वहीत त्याची उचल आहे: बायकोचं बाळंतपण, पत्रे, बाजरी. दर पाडव्याला आधीची बाकी पुढे ओढलेली. सलग नऊ वर्षं. त्याचा मुलगा माझ्याएवढा होता आणि आमची गुरं वळायचा. मी शाळेत जायचो. आजोबा प्रेमळ होते, त्याला कधी हात लावला नाही, सणाला कपडे करायचे. सालगडी म्हणजे गुलाम नव्हे, हे मला कळतं. तो गाव सोडून जाऊ शकत होता. पण ती बाकी डोक्यावर घेऊन तो कुठे गेला असता, याचं उत्तर मला देता येत नाही. आणि हिशोब कुठेही चुकलेला नाही, याचीच मला जास्त भीती वाटते.

म्हणून मी मित्राला सांगितलं, की हेडसेट काढून टाक. एक मेज ठेव. प्रेक्षकाला लिहिणाऱ्याच्या जागी बसव. समोर वही उघडते: मोखाचे ८० गिल्डर, मग कुणबिणीची नोंद, मग उचल, मग मेंढरू. प्रत्येक नोंद त्यानेच बोटाने पुढच्या पानावर ओढायची. आणि न ओढायचं बटणही असू दे. ते दाबलं की काय होतं ते दाखव: कुणाचं काम अडतं, कोण चिडतं, घरात कोण काय बोलतं. दुसऱ्याचं दुःख चार मिनिटं अंगावर घेण्यापेक्षा स्वतःची सोय चार मिनिटं अडलेली पाहणं जास्त उपयोगाचं ठरेल, असं मला वाटतं.

दुःख ऐकवायचंच असेल, तर अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत २०१८ साली उघडलेल्या लेगसी म्युझियमसारखं ऐकव. तिथे कोठड्यांमागे गुलामांच्या धूसर आकृती आहेत. आपण जवळ गेलो की त्या बोलू लागतात. आपण आपणच राहतो, फक्त थांबून ऐकावं लागतं. आणि ते संग्रहालय गुलामगिरीपाशी थांबत नाही, आजच्या तुरुंगांपर्यंत येतं.

मित्र म्हणाला, "अरे, लोक सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन येतात. नाराज होऊन जातील."

"जातील," मी म्हटलं. त्याचं म्हणणं खोटं नाही. नाराज झालेला माणूस परत येत नाही, आणि न आलेल्या माणसाला काहीच दाखवता येत नाही. याच्यावर माझ्याकडे तोड नाही. पण '१८४३ साली संपलं' असं वाचून खूश होऊन गेलेल्या माणसाला आपण नक्की काय दाखवलं?

तो विचार करतोय. नमुन्यासाठी त्याने वहीचं एक पान मागितलं. फोटो पाठवण्याआधी सालगड्याचं नाव झाकावं म्हणून मी पान नीट पाहिलं. झाकायला फारसं काही नव्हतं. नऊ वर्षांच्या हिशोबात आजोबांनी त्याचं आडनाव एकदाही लिहिलेलं नाही. आणि मलाही ते माहीत नाही.