रांगेतील न्याय

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब सुरतेच्या एका जलोद्यानात गेलो होतो. मोठ्या घसरगुंडीपाशी खानदेशातून उधन्यास येऊन स्थायिक झालेली, अहिराणी बोलणारी कामगार कुटुंबे तासभर तिष्ठत होती. आम्ही अधिक पैसे मोजून निराळ्या दाराने वर गेलो. "बाबा, ते आपल्या आधी आले होते ना?" चिरंजीवांनी विचारले. इतकी वर्षे वकिली करूनही आम्हांस उत्तर सुचले नाही.

जो काळाने आधी, तो हक्काने श्रेष्ठ, हे जुने रोमन न्यायतत्त्व. रांग हे त्याचेच लहानसे न्यायासन. तेथे सर्वांनी एकच नाणे द्यावयाचे, ते वेळेचे. डिस्नेच्या अमेरिकेतील उद्यानांनी १९९९ साली रांग टाळण्याची सोय काढली, ती विनामूल्य होती. २०२१ पासून तिला दाम पडू लागले.

कोणी म्हणेल, आगगाडीतही वरचा वर्ग असतोच. खरे, परंतु तेथील मऊ गादीमुळे इतरांची गाडी उशिरा पोचत नाही. येथे आमची वाचलेली घटका रांगेतल्यांच्या माथी पडते. म्हणजे उद्यानाने आम्हांस विकला तो त्यांचा वेळ, आणि तोही त्यांस न विचारता.

घसरगुंडीचे एक वेळ सोडून देऊ. आषाढीत पंढरपुरी दर्शनाची रांग गोपाळपूरपर्यंत जाते. तेथे ओळखीच्या बळावर पुढे सरकून विठोबापुढे हात जोडताना, या हातांत कोणाच्या घटका आहेत, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. आम्हांस ते एका लहान मुलाने विचारले.